ताकद आणि दमसास : डोंगर चढणाऱ्यांचे प्रश्न

थंडी पडली, गडांच्या वाटा कोरड्या झाल्या आणि पत्रांचा ओघ वाढला. या वेळी बहुतेकांची अडचण एकच आहे: वजनं उचलणं आणि पळणं-चढणं हे एका आठवड्यात बसवायचं कसं? म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. बाकीच्यांनीही ते आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं.

प्रश्न : ताई, माझं वय ३४. पिंपरी-चिंचवडला राहतो, काम दिवसभर बसून. चार वर्षं नियमित जिम करतोय. मे महिन्यात उत्तरकाशीला बेसिक माउंटेनिअरिंग कोर्सला जायचंय, म्हणून दिवाळीपासून आठवड्यातून चार दिवस धावायला लागलो आणि जिमचे पाचही दिवस तसेच ठेवले. आता स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) १०० किलोवरून ९० वर आलाय, धावण्याचा वेगही वाढत नाही, आणि रविवारी सिंहगड चढताना पाय शिशासारखे जड होतात. मित्र म्हणतात, वजनं सोड. जिममधला ट्रेनर म्हणतो, धावणं सोड. काय सोडू?

उत्तर : दोन्हीपैकी काहीही सोडू नका. वजनांचे दिवस मात्र निम्म्यापेक्षा कमी करा.

तुमच्या बाबतीत जे घडतंय ते १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी मोजून दाखवलं होतं. त्यांनी तीन गट केले: एक फक्त ताकदीचा, एक फक्त दमसासाचा, एक दोन्हींचा. तिसऱ्या गटानं आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस सायकल-धावणं असं दहा आठवडे केलं. सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत त्यांची ताकद पहिल्या गटासारखीच वाढली. मग ती थांबली आणि शेवटी शेवटी खाली आली. दमसासाला मात्र धक्का लागला नाही, तो वाढतच राहिला. लांब पल्ल्याच्या श्रमानं स्नायूतली ऊर्जा उतरली की एएमपीके नावाचं विकर जागं होतं आणि स्नायू बांधणीचं काम मागे ठेवतं, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण अगदी साधं: आदल्या दिवशी दमलेल्या पायांना आज वजन पेलत नाही. लोक हा प्रयोग ‘धावण्यानं ताकद जाते’ एवढाच सांगतात. त्या गटानं दर आठवड्याला किती केलं होतं, तेही बघा आणि तुमच्या पाच अधिक चारशी ताडून पाहा.

आता डोंगराला काय लागतं ते बघू. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण ६०० मीटरची चढण. एका पावलात २० सेंटिमीटर उंची धरली तर ३००० पावलं, म्हणजे प्रत्येक पायाला १५०० वेळा तुमचं सगळं वजन आणि सॅक एकट्यानं उचलायची आहे. एकेक पाऊल सोपंच असतं. ज्याच्या पायात जास्तीची ताकद आहे, त्याला तेच पाऊल ताकदीच्या आणखी लहान वाट्यात पडतं, म्हणून तो उशिरा थकतो. वजनं उचलायची ती यासाठी. त्यापलीकडे १०० चे ११० किलो केल्यानं तुम्हाला कोर्समध्ये फारसा फायदा नाही. त्या दहा किलोंसाठी लागणारे दिवस मला चढाईसाठी हवे आहेत.

दमसासाचं काम वेगळं. शरीरातला साखरेचा साठा मर्यादित असतो, जेमतेम २००० कॅलरींच्या आसपास. चरबीचा साठा मात्र किडकिडीत माणसातही दिवसच्या दिवस पुरेल एवढा असतो. सावकाश आणि लांब चालण्या-धावण्यानं स्नायूंत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि शरीर चरबीवर चालायला शिकतं. कोर्स २८ दिवसांचा असतो. आज दमलात तरी उद्या सकाळी सॅक पाठीवर घ्यायचीच असते, त्या दुसऱ्या सकाळची तयारी या सावकाश कामानं होते.

सावकाश म्हणजे किती? पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, जमल्यास श्वास नाकानंच घ्यावा. तुमचं धावणं बहुधा याहून जोरात आणि खऱ्या जोरापेक्षा हळू, असं मधलंच चालू असणार. रोज पाऊण जोर लावायचा, त्यामुळे रोज पाऊण थकायचं, आणि वजनांच्या दिवशी हातात काहीच उरत नाही. ही सवय मला पुण्याच्या निम्म्या ट्रेकर मंडळींत दिसते आणि ती मोडावी असं मनापासून वाटतं. दर रविवारी घड्याळ लावून सिंहगड मारायचा आणि मागच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी झाली की खूश व्हायचं, यानं शर्यतीची तयारी होते, मोहिमेची होत नाही.

त्यापेक्षा आतकरवाडीच्या वाटेवर सकाळी ताक-दह्याचं सामान डोक्यावर घेऊन वर जाणाऱ्या मावशींच्या मागे दहा मिनिटं चाला. त्यांची पावलं बघा. अख्खा तळवा दगडावर टेकतो, टाच अधांतरी राहत नाही. मागचा गुडघा सरळ होतो आणि क्षणभर सगळा भार हाडांवर थांबतो. तेवढ्यात मांडीला उसंत मिळते. मग पुढचं पाऊल. पाऊल आखूड, मान स्थिर, श्वास एकसारखा. वळणावळणावर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकणारी पोरं त्यांना चार वेळा ओलांडतात आणि वर पोचतात त्यांच्या मागून. हिमालयात शिकवतात ती विसाव्याची चाल हीच.

आठवडा असा ठेवा. सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी आणि गुरुवारी ताकद, पाऊण तासाच्या वर नाही: स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) यांपैकी एक, जड वजनानं पाच-पाचचे तीन-चार सेट, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढ्या उंच बॉक्सवर एका पायानं चढणं, पुल-अप, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. कातळावर लटकायचं आहे, तेव्हा पुल-अप टाळू नका. बुधवारी आणि शुक्रवारी बोलत बोलत होईल असं तास-सव्वा तास धावणं किंवा वेताळ टेकडीवर भराभर चालणं. शनिवारी हलकं, अर्धा तास. रविवारी सॅक घेऊन गड. पायांचं जड काम रविवारच्या आदल्या दिवशी कधीच नको. एकाच दिवशी दोन्ही करणं भाग पडलं तर सकाळी वजनं, संध्याकाळी धावणं, मध्ये निदान सहा तास.

सॅक आपल्या वजनाच्या दहाव्या भागापासून सुरू करा. दर पंधरवड्याला दीड-दोन किलो वाढवत एप्रिलपर्यंत १५-१६ किलोवर या. भार म्हणून पाण्याचे कॅन घ्या आणि वर पोचल्यावर ते झाडांना घाला. चढताना मांड्यांना पूर्ण काम मिळतं, उतरताना गुडघे वाचतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र काही वेळा भरल्या सॅकनं उतरायचंच, कारण कोर्समध्ये पाणी ओतून देता येणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून ताकदीचा एकच दिवस ठेवा. कमावलेली ताकद टिकवायला आठवड्यातून एकदा जड उचलणं पुरतं, कमवायलाच दोन दिवस लागतात. मोकळा झालेला दिवस टेकडीला द्या: सॅकसह त्याच चढावर वर-खाली, मांड्या भरून येतील पण धाप लागणार नाही अशा बेतानं. निघण्याआधीचे दहा-बारा दिवस सगळंच निम्म्यावर आणा. त्या दिवसांत अंग फार हलकं वाटतं आणि एखादा गड करून येण्याचा मोह होतो. जाऊ नका.

प्रश्न : मी ४७ वर्षांची, नाशिकची. दर नवरात्रात कळसूबाईला जाते. रोज पाच किलोमीटर चालते, चढताना काही त्रास नाही. पण उतरताना शिड्या संपल्या की गुडघे बोलायला लागतात, आणि पुढचे दोन दिवस घराचा जिना उतरता येत नाही. वयामुळे आता उंच डोंगर बंद करावेत का?

उत्तर : बंद कशाला करता! चढताना त्रास नाही, याचा अर्थ दमसास उत्तम आहे. तुमच्याकडे कमी आहे ती उतरणीची ताकद, आणि सपाटीवर कितीही चाललात तरी ती येत नाही.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत भार धरतो, दर पावलाला शरीराला ब्रेक लावतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. तुम्हाला दोन दिवस जिना का उतरता येत नाही, ते यावरून कळेल. आणि दमलेली मांडी ब्रेक लावेनाशी झाली की धक्का गुडघ्याच्या वाटीवर जातो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. तिथून बारी गावापर्यंत किती वेळा ब्रेक लागत असेल याचा अंदाज करा.

चांगली गोष्ट अशी की हा स्नायू लवकर शिकतो. एकदा बेताची उतरण करून दुखून बरा झाला की पुढचे काही आठवडे तशाच उतरणीला तो पुष्कळ कमी दुखतो. म्हणून नवरात्राच्या दोन आठवडे आधी रामशेजसारखा लहान गड चढून-उतरून या. एवढ्या एका गोष्टीनंही तुम्हाला फरक कळेल.

घरी करायचं ते हे. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभ्या राहा, हात कठड्याला. दुसऱ्या पायाची टाच खालच्या जमिनीला टेकेपर्यंत मनात चार आकडे मोजत सावकाश खाली या. टाच अंडं फुटणार नाही इतकी हलकी टेकवायची आणि परत वर. उभ्या पायाचा गुडघा आत वळता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. आरशासमोर केलंत तर लगेच दिसेल. गुडघा आत पडत असेल तर कमरेच्या बाजूचे स्नायू अशक्त आहेत. त्यासाठी कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा व्यायाम जोडा. पायरीवरचा व्यायाम प्रत्येक पायाला आठ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. महिन्याभरानं पाठीवर सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घ्या. याबरोबर खुर्चीवर बसणं-उठणं वजन घेऊन, आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि पाळी थांबल्यावर हाडांची घनताही घटते, त्यामुळे तुमच्या वयात वजनं उचलणं ही मला चालण्याइतकीच गरज वाटते. बायकांनी पन्नाशीजवळ फक्त चालावं आणि योगासनं करावीत हा सल्ला इतका रुळलाय की तो मोडायला प्रत्येक पत्रात लिहावं लागतं. ताटात डाळ, उसळ, दही, चालत असतील तर अंडी, हे रोज आणि दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. आठवड्यातल्या उपवासांच्या दिवशी विशेष लक्ष द्या, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात.

डोंगरावर उतरताना पावलं आखूड टाका, दोन काठ्या वापरा आणि उभ्या शिडीवर तोंड शिडीकडे ठेवून उतरा. उतरणीआधी बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट करा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. गुडघ्याला सूज येत असेल, तो अडकत असेल, मध्येच दगा देत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर मात्र व्यायामाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा, १९ वर्षांचा. तालमीत रोज ३०० बैठका आणि २०० जोर मारतो. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जायचंय. एवढं पुरेल की पळायला पाहिजे?

उत्तर : पळायला नको, चालायला पाहिजे, आणि खूप. तुझ्या मांड्या आणि खांदे तयार आहेत. पण ३०० बैठका जो सहज मारतो त्याची ताकद त्या बैठकांनी आता वाढत नाही, फक्त टिकते. आठवड्यातले दोन दिवस आकडा सोड आणि एका पायावरच्या बैठका घाल, सुरुवातीला मागे बाकड्याचा आधार घेऊन. नंतर खांद्यावर वाळूची पिशवी. तालमीत दोर असेल तर दोर चढ.

वाट मोठी आहे. दिवसभर चिखल, ओढे, भातखाचरं आणि परत दुसऱ्या दिवशी तेच. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि बांदल मंडळी याच पावसात एका रात्रीत विशाळगडाकडे धावली, ते पाय डोंगरात रोज चालून घडलेले होते. तू मे महिन्यात दर रविवारी तीन तास चाल, जूनमध्ये पाच-सहा तासांवर ने, आणि पाऊस सुरू झाला की भिजतच चाल. जे बूट-मोजे घालून जाणार आहेस तेच घालून. ओल्या मोज्यांनी फोड कुठे येतात ते घराजवळ कळलेलं बरं. लांब चालीच्या आदल्या दिवशी तालमीत बैठका घालू नकोस, वस्तादांना तसं आधी सांगून ठेव.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, ठाण्यात २२ मजली इमारतीत राहते. एप्रिलमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणार आहे. आठवड्याच्या मधल्या वारी डोंगर गाठणं शक्य नाही, म्हणून जिने चढते. पाय मजबूत वाटतात, पण अलीकडे नेहमीपेक्षा लवकर धाप लागते. अजून जोर लावू का? आणि भरपूर फिट असलं की विरळ हवेचा त्रास होत नाही, हे खरं का?

उत्तर : जोर लावण्याआधी रक्त तपासून घ्या. पाय मजबूत आणि दम अचानक कमी, असं बाईमाणसानं सांगितलं की मी पहिलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) विचारते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. रक्तात प्राणवायू वाहून नेणारेच कमी असतील तर कितीही जिने चढलात तरी सुधारणा दिसणार नाही, आणि वर तर हवेतच तो कमी असतो. लोह भरून यायला महिने लागतात, म्हणून तपासणी याच आठवड्यात करा. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या. रक्त ठीक निघालं आणि धाप तशीच राहिली, तर हृदय आणि फुप्फुसांचीही तपासणी करून मगच पुढे.

जिने हा उत्तम डोंगर आहे. मजला तीन मीटरचा धरला तर २२ मजले म्हणजे ६६ मीटर, नऊ फेऱ्यांत सिंहगडाएवढी चढण होते. आठवड्यातून एकदा सॅक घेऊन अशा फेऱ्या करा, पायऱ्या एकेक, नंतर काही फेऱ्या दोन-दोन. पहिला महिना खाली लिफ्टनं या, मग दर फेरी पायांनीच उतरा. नाशिकच्या ताईंना जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, कारण बेस कॅम्पहून परतताना तीन-चार दिवसांत सगळी उंची उतरायची असते. आठवड्यातल्या आणखी एका दिवशी ताकद, दोन दिवस सपाटीवर सावकाश लांब चाल, आणि महिन्यातून दोन रविवार आसनगावचा माहुली.

विरळ हवेचं म्हणाल तर नाही, फिटनेसनं तिच्यापासून संरक्षण मिळत नाही. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. त्याला शरीर सरावतं ते फक्त वर राहून, आणि त्याला लागायचा तो वेळ लागतोच. फिट माणसाला धोका उलट थोडा जास्त, कारण त्याला भराभर वर जाता येतं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. वाटेतल्या मुक्कामांपैकी नामचे ३४४० मीटरवर आणि दिंगबोचे ४४०० च्या आसपास. या दोन्ही ठिकाणी जादा रात्र नसलेली सहल स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. फिटनेसचा उपयोग असा की सरावण्याच्या त्या दिवसांत रोजची चाल तुमची ताकद पिळून काढत नाही, भूक लागते, झोप लागते. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चालताना तोल जाणं सुरू झालं, तर वर जाणं थांबवायचं. तोल जात असेल तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. विरळ हवेच्या त्रासासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, सल्फाची ॲलर्जी असल्यास ती आवर्जून सांगा.